काँक्रीटचे आयुष्य वाढविणारी राख

गोव्यात पणजीजवळ मांडवी नदीवर १९७० साली वाहतुकीस खुला झालेला पूल जेमतेम सोळा वर्षे टिकला. ५ जुलै १९८६ रोजी तो कोसळला. पुलाच्या काँक्रीटमध्ये ताणून बसविलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या, हे या दुर्घटनेचे प्रमुख कारण मानले गेले. मुंबई व नवी मुंबई यांना जोडणारा ठाणे खाडीवरील १९७३ चा पूलही तारांना लागलेल्या गंजामुळे अकाली थकला. त्याच्या जोडीला १९९७ मध्ये दुसरा पूल उभा राहिला. या मोठ्या पुलांची नोंद तरी झाली. किनाऱ्यावरील शहरांतून सज्जाखाली, गच्चीच्या कडेला, जिन्याच्या तळाशी उघड्या पडलेल्या तांबूस सळयांची मोजदाद कोणी करीत नाही.

काँक्रीटचे बांधकाम भाराखाली मोडणे ही तुलनेने विरळ घटना आहे. बहुतेक बांधकामे आतून खंगत जातात आणि त्यामागे जवळजवळ नेहमी पाणी असते. काँक्रीट दिसते दगडासारखे, पण त्यात सूक्ष्म छिद्रांचे व केशवाहिन्यांसारख्या मार्गांचे जाळे असते. या मार्गांनी पाणी आत शिरते आणि आपल्याबरोबर समुद्राचे क्लोराइड, जमिनीतील सल्फेट व हवेतील वायू घेऊन जाते. लोखंडाचा गंज मूळ धातूच्या दोन ते सहा पट जागा व्यापतो. त्या रेट्याने सळईभोवतीचे काँक्रीट फुटते, तडे रुंदावतात आणि पाण्याला अधिक मोठी वाट मिळते. म्हणून काँक्रीट किती भार पेलते याइतकेच ते पाण्याला किती अडवते यावर त्याचे आयुष्य ठरते. पाण्याची ही वाट अरुंद करण्याचे काम औष्णिक वीज केंद्रातील टाकाऊ राख करते.

राखेचे कण

औष्णिक वीज केंद्रात कोळसा पिठासारखा दळून बाष्पकाच्या भट्टीत फवारला जातो. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण बरेच, साधारणतः ३० ते ४५ टक्के असते. कोळसा जळून गेल्यावर त्यातील मातीचा व खनिजांचा अंश भट्टीतील प्रचंड उष्णतेने वितळतो आणि त्याचे थेंब गरम वायूंबरोबर वर उडतात. हे थेंब झपाट्याने थंड होत असल्याने त्यांना स्फटिक बनण्यास अवधी मिळत नाही. ते काचेसारख्या अवस्थेतील गोल कण होऊन थिजतात. काही जड भाग भट्टीच्या तळाशी पडतो. उरलेली, म्हणजे एकंदर राखेच्या सुमारे चार पंचमांश इतकी राख धुराबरोबर निघते. धुराड्याआधी बसविलेल्या स्थिरविद्युत संयंत्रात ती पकडली जाते. हीच फ्लाय अ‍ॅश, अर्थात उडती राख.

तिचे कण एका मायक्रॉनपासून शंभर मायक्रॉनपर्यंत असतात. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो, यावरून त्यांच्या बारीकपणाची कल्पना यावी. स्थिरविद्युत संयंत्राच्या पहिल्या कप्प्यात जाडसर राख पडते आणि पुढच्या कप्प्यांत उत्तरोत्तर बारीक. काँक्रीटच्या दृष्टीने ही बारीक राख मोलाची आहे. तिच्यात मुख्यतः सिलिका, अ‍ॅल्युमिना व लोहाचे ऑक्साइड असते. भारतातील दगडी कोळशाच्या राखेत चुन्याचा अंश अल्प असतो. तमिळनाडूतील नेवेली येथील लिग्नाइटची राख मात्र चुनायुक्त असते आणि तिचे वर्तनही निराळे आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस ३८१२ या मानकात या दोन प्रकारांची नोंद वेगवेगळी केलेली आहे.

चुना आणि सुरखी

राखेचे काँक्रीटमधील कार्य समजण्यासाठी जुन्या गवंड्यांचा अनुभव उपयोगी पडतो. सिमेंट येण्यापूर्वी आपल्याकडे विहिरी, तलाव व पूल यांच्या बांधकामात निव्वळ चुना वापरीत नसत. भाजलेल्या विटांचा चुरा, म्हणजे सुरखी, घाणीत चुन्याबरोबर मळून घेत. निव्वळ चुना हवेत घट्ट होतो; सुरखी घातलेला चुना पाण्याखालीही घट्ट होतो. रोमन लोकांनी हेच कार्य इटलीतील नेपल्सजवळच्या पोझुओली येथील ज्वालामुखीच्या राखेकडून करून घेतले आणि त्या गावावरून अशा सर्व पदार्थांना पोझोलाना हे नाव पडले. पोझोलाना स्वतः चिकटत नाही. चुना व पाणी यांच्या सान्निध्यात त्यातील सिलिका चुन्याशी संयोग पावते आणि त्यापासून चिवट, अविद्राव्य असा बंध तयार होतो.

आता हा चुना आधुनिक काँक्रीटमध्ये कोठून येतो? तो सिमेंटच निर्माण करते. सिमेंटमधील कॅल्शियम सिलिकेटांचा पाण्याशी संयोग झाला की दोन पदार्थ बनतात. पहिला कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट. काँक्रीटची खरी ताकद याच जेलीसदृश पदार्थात असते. दुसरा कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विरलेला चुना. घट्ट झालेल्या सिमेंटच्या लगद्यात या चुन्याचे प्रमाण सुमारे एक पंचमांश ते एक चतुर्थांश असते. ताकदीत त्याचा वाटा नगण्य असतो. तो पाण्यात थोडा विरघळतो आणि विरघळून निघून गेला की मागे पोकळी राहते. जुन्या स्लॅबखाली किंवा धरणाच्या गॅलरीत भिंतीवर दिसणारे पांढरे ओघळ हे बहुधा या चुन्याचेच असतात. एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूने सांगितली पाहिजे. त्याच्यामुळे काँक्रीट तीव्र अल्कलीयुक्त राहते आणि त्या अल्कलीत सळईवर ऑक्साइडचा पातळ संरक्षक थर टिकून राहतो.

मिश्रणात उडती राख असेल तर तिच्या काचेसारख्या कणांतील सिलिका हा चुना हळूहळू खाऊन टाकते आणि त्याच्या जागी पुन्हा कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट तयार होते. निरुपयोगी पदार्थाचे उपयुक्त पदार्थात रूपांतर होते आणि हा नवा पदार्थ नेमका पूर्वीच्या मोकळ्या जागांत वाढतो. छिद्रांचे एकूण आकारमान फारसे घटले नाही तरी मोठी छिद्रे लहान होतात आणि एकमेकांना जोडणारे मार्ग तुटतात. खडीच्या दाण्याभोवतीचा पातळ पट्टा हा काँक्रीटचा सर्वांत कच्चा भाग असतो, कारण ओल्या काँक्रीटमध्ये तेथे पाणी साचते व नंतर चुन्याचे स्फटिक जमतात. राखेचा सर्वाधिक लाभ याच पट्ट्याला होतो.

ही रासायनिक क्रिया होण्याआधीच राख एक काम करून जाते. तिचे गोल, गुळगुळीत कण मिश्रणात छर्ऱ्यांसारखे घरंगळतात, त्यामुळे तितक्याच पाण्यात काँक्रीट अधिक प्रवाही होते. किंवा तितकाच प्रवाहीपणा ठेवून पाणी कमी करता येते. कमी पाणी म्हणजे कमी छिद्रे, हा काँक्रीटच्या शास्त्रातील पहिला धडा आहे. जाडसर किंवा कोळशाचा अंश राहिलेली राख वापरल्यास मात्र उलट पाणी वाढवावे लागते.

अठ्ठावीस दिवसांनंतर

ही सर्व क्रिया संथ आहे आणि राखेविषयीच्या बहुतेक गैरसमजांचे मूळ या संथपणात आहे. सिमेंटचा जलसंयोग पाणी घालताच सुरू होतो. राखेची चुन्याशी क्रिया एक-दोन आठवड्यांनंतर जाणवू लागते आणि ओलावा मिळत राहिल्यास अनेक महिने, किंबहुना वर्षे चालू राहते. सात दिवसांच्या चाचणीत राखयुक्त काँक्रीटचा घनठोकळा साध्या काँक्रीटच्या मागे पडतो. अठ्ठावीस दिवसांनी तो बराचसा बरोबरीला येतो. नव्वद दिवसांनी व पुढे तो बहुधा पुढे गेलेला असतो. परंतु ताकदीची मान्यताप्राप्त चाचणी अठ्ठावीस दिवसांची आहे आणि बांधकामस्थळी तर सात दिवसांच्या आकड्यावरूनच मत बनते. पाण्याला अडविण्याची क्षमता मोजली तर फरक याहून ठळक दिसतो. काँक्रीटच्या चकतीतून सहा तासांत किती विद्युतभार वाहतो, यावरून क्लोराइडचा शिरकाव अजमावण्याची एक चाचणी प्रचलित आहे. त्यात चार हजार कूलोमच्या वरचे काँक्रीट क्लोराइडला सहज वाट देणारे समजतात आणि एक हजाराच्या आतले अत्यंत घट्ट. राखयुक्त काँक्रीटचा हा आकडा वयाबरोबर झपाट्याने खाली येतो. साध्या काँक्रीटचा एका मर्यादेनंतर विशेष हलत नाही.

किनारी प्रदेशात हा फरक निर्णायक ठरतो. क्लोराइड सळईपर्यंत पोहोचला की अल्कलीने राखलेला संरक्षक थर ठिकठिकाणी फुटतो आणि गंज सुरू होतो. राखेमुळे क्लोराइडचा प्रवास मंदावतो. शिवाय राखेतील अ‍ॅल्युमिनापासून बनणारी संयुगे त्यातील काही क्लोराइड बांधून ठेवतात, म्हणजे शत्रूचा काही भाग वाटेतच कैद होतो. साध्या व सळईयुक्त काँक्रीटसाठीच्या आयएस ४५६ या भारतीय संहितेने २००० सालच्या आवृत्तीत टिकाऊपणाला आधीपेक्षा पुष्कळ अधिक महत्त्व दिले. समुद्राच्या पाण्याशी संबंध येणाऱ्या काँक्रीटमध्ये पोझोलाना किंवा स्लॅग सिमेंट हितकारक असल्याचे ती सांगते. तिच्यानुसार किनारी प्रदेशातील सळईयुक्त काँक्रीट किमान एम-३० दर्जाचे आणि सळईवरील काँक्रीटचे आवरण ४५ मिलिमीटरचे असावे. समुद्राच्या तुषारांचा मारा होत असेल तर दर्जा एम-३५ आणि आवरण ५० मिलिमीटर. मुंबईतील वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या काँक्रीटमध्ये उडती राख व सूक्ष्म सिलिका या दोहोंचा वापर करण्यात आला. हा सेतू २००९ मध्ये खुला झाला.

राख म्हणजे सर्व दोषांवरचा उतारा नव्हे, हेही येथे नमूद करणे आवश्यक आहे. मांडवीच्या पुलासारख्या रचनेत ताणलेल्या तारा नळ्यांतून ओवलेल्या असतात आणि त्या नळ्यांत सिमेंटचा लगदा नीट भरला गेला नाही तर बाहेरचे काँक्रीट कितीही घट्ट असले तरी तारांचे रक्षण होत नाही.

सल्फेटचा प्रश्न त्यामानाने सरळ आहे. खारवट जमिनीतील व भूजलातील सल्फेट चुन्याशी आणि सिमेंटमधील अ‍ॅल्युमिनेटशी संयोग पावून फुगणारे पदार्थ बनवतात. राख चुना संपवते आणि सिमेंटचा वाटा कमी झाल्याने अ‍ॅल्युमिनेटही घटते. अल्प चुन्याची राख येथे उत्तम काम देते. चुनायुक्त राखेच्या बाबतीत मात्र आधी चाचणी घेणे इष्ट.

धरणांचा अनुभव

काँक्रीटमध्ये उडत्या राखेच्या उपयोगाचा पहिला मोठा अभ्यास अमेरिकेत बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात आर. ई. डेव्हिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला आणि तो १९३७ साली प्रसिद्ध झाला. पुढे मोंटाना राज्यातील हंग्री हॉर्स या १७२ मीटर उंचीच्या धरणात राखेचा मोठ्या प्रमाणावर वापर झाला. हे धरण १९५३ मध्ये पूर्ण झाले. धरणाच्या अभियंत्यांना राखेचे आकर्षण वाटले ते प्रथम उष्णतेमुळे. सिमेंटच्या जलसंयोगातून उष्णता बाहेर पडते. पातळ स्लॅबमधून ती निघून जाते, परंतु धरणाच्या कित्येक मीटर जाडीच्या काँक्रीटमध्ये ती कोंडते. आतला भाग तापून फुगतो, बाहेरचा थंड होऊन आकसतो आणि तडा जातो. धरणाच्या अंगातील तडा म्हणजे पाण्याची कायमची वाट. सिमेंटऐवजी काही अंश राख घातल्यास एकूण उष्णता कमी होते आणि ती सावकाश बाहेर पडते. धरणाला सात दिवसांत ताकद लागत नाही, पाणी भरेपर्यंत बराच अवधी असतो. त्यामुळे राखेचा संथपणा येथे दोष न राहता गुणच ठरतो.

भारतात उत्तर प्रदेशातील रिहंद धरणात सुमारे १५ टक्के सिमेंटच्या जागी उडती राख वापरण्यात आली. हे धरण १९६२ मध्ये पूर्ण झाले. योगायोग असा की, आज त्याच्याच जलाशयाच्या काठी सिंगरौली, विंध्याचल, रिहंद, अनपरा अशी औष्णिक वीज केंद्रे एकापाठोपाठ एक उभी आहेत आणि तेथे राखेची वाण नाही, अडचण तिच्या अतिरेकाची आहे. महाराष्ट्रातील घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्पाची धरणे रोलरने दाबलेल्या काँक्रीटची आहेत. या पद्धतीची ती देशातील पहिली धरणे होत. त्यांच्यात सिमेंट व राख यांच्या एकत्रित वजनात राखेचाच वाटा निम्म्याहून अधिक ठेवण्यात आला. सह्याद्रीच्या कड्यावरील व पायथ्याच्या जलाशयांमधून चालणाऱ्या या २५० मेगावॅटच्या प्रकल्पातून २००८ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली.

धरणांच्याच संदर्भात आणखी एक विकार महत्त्वाचा आहे. काही ठिकाणच्या खडीतील सिलिका सिमेंटमधील अल्कलीशी संयोग पावते आणि तयार होणारा जेलीसदृश पदार्थ पाणी शोषून फुगतो. काँक्रीट वर्षानुवर्षे आतून वाढत राहते, पृष्ठभागावर नकाशासारखे तडे उमटतात, दरवाजे अडकतात. ओडिशात महानदीवर १९५७ मध्ये पूर्ण झालेल्या हिराकुड धरणात हा विकार आढळून आला. एकदा जडला की तो बरा करण्याचा उपाय नाही, केवळ डागडुजी करता येते. बांधतानाच पुरेशी अल्प चुन्याची राख घातली तर ती अल्कलीला आधीच गुंतवून ठेवते व पाण्यालाही अडवते. संशयास्पद खडी टाळता येत नसेल तेथे हा सर्वांत स्वस्त बचाव आहे. त्यासाठी राखेचे प्रमाण बहुधा सिमेंटी पदार्थांच्या एक पंचमांशाहून अधिक लागते. नाममात्र राख टाकून भागत नाही.

लाभ कोठे निसटतो

राखेने चुना संपविला की काँक्रीटमधील अल्कलीचा साठाही कमी होतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये शिरून उरलेल्या चुन्याचे कार्बोनेट बनवतो आणि अल्कलीचे प्रमाण घटले की सळईवरचा संरक्षक थर नाहीसा होतो. चुना कमी असेल तर हा बदल लवकर आतपर्यंत पोहोचू शकतो. काँक्रीट घट्ट असेल तर वायूलाच शिरकाव मिळत नाही आणि प्रश्न उद्भवत नाही. परंतु घट्टपणा येतो राखेच्या क्रियेतून, ती क्रिया चालते पाण्यावर आणि पाणी मारण्याच्या बाबतीत आपल्याकडील बांधकामांची ख्याती सर्वश्रुत आहे. सकाळी एकदा पाइप फिरवला की दुपारपर्यंत कोरडा पडणारा स्लॅब, गोणपाट न गुंडाळलेले खांब, तिसऱ्या दिवशी थांबलेले पाणी, ही दृश्ये कोणत्याही शहरात दिसतात. अशा काँक्रीटमध्ये राखेचे कण न वापरता तसेच पडून राहतात. सिमेंट कमी झालेले असते, त्याची भरपाई मात्र झालेली नसते. राखयुक्त काँक्रीट साध्या काँक्रीटहून निकृष्ट ठरले, अशा तक्रारींची चौकशी केली तर बहुतेक वेळा कारण येथे सापडते.

आयएस ४५६ नुसार साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस, तर राखेसारखी पूरक द्रव्ये किंवा मिश्र सिमेंट असेल तर किमान दहा दिवस पाणी मारावे लागते. उष्ण व कोरड्या हवेत ही मुदत अनुक्रमे दहा व चौदा दिवसांची आहे. विदर्भातील वैशाखात किंवा राजस्थानात हे तीन-चार दिवस अधिक पाणी मारणे खर्चिक वाटते, टँकरचे पाणी विकत घ्यावे लागत असेल तर अधिकच. तरीही टिकाऊपणासाठी मोजावी लागणारी ती खरी किंमत आहे. सेंट्रिंग काढण्याच्या बाबतीतही घाई नडते. संहितेत दिलेल्या मुदती साध्या पोर्टलंड सिमेंटसाठी आहेत, अन्य सिमेंटसाठी त्यात योग्य तो बदल करणे अपेक्षित आहे. हिवाळ्यात तर राखेची क्रिया आणखी मंद होते.

दुसरी चूक राखेच्या निवडीत होते. वीज केंद्रातून कोरडी गोळा केलेली राख आणि पाण्यात कालवून तलावात सोडलेली राख या दोन भिन्न वस्तू आहेत. तलावातील राखेत जाड-बारीक, तळाची-वरची सर्व एकत्र झालेली असते. विटा, भराव, रस्त्याचा पाया यांसाठी ती चालते. सिमेंटच्या जागी ती जशीच्या तशी घालणे चूक आहे. आयएस ३८१२ मध्ये राखेचा बारीकपणा, चुन्याशी क्रिया करण्याची क्षमता व न जळलेल्या कोळशाचा अंश यांच्या मर्यादा ठरवून दिल्या आहेत. ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर ३४ टक्क्यांहून अधिक राख अडकू नये आणि तापवल्यावर होणारी वजनातील घट ५ टक्क्यांच्या आत असावी, असे दंडक आहेत. न जळलेला कोळसा पाणी कमी करणारी रसायने शोषून घेतो आणि काँक्रीटचा सर्व हिशेब बिघडवतो.

तिसरी चूक दुहेरी मिश्रणाची. बाजारातील पोर्टलंड पोझोलाना सिमेंटमध्ये कारखान्यातच १५ ते ३५ टक्के राख दळून मिसळलेली असते. देशातील सिमेंट उत्पादनाचा निम्म्याहून अधिक भाग या प्रकारचा आहे, म्हणजे राखेला नावे ठेवणारा घरमालकही बहुधा तीच वापरून घर बांधतो. या सिमेंटमध्ये बांधकामस्थळी पुन्हा राख घातली तर एकूण प्रमाण हाताबाहेर जाते. राख स्वतंत्रपणे घालायची असेल तर ती साध्या पोर्टलंड सिमेंटबरोबर, वजन करून आणि यांत्रिक मिश्रण केंद्रातच. घमेल्याने मोजण्याची ही गोष्ट नव्हे.

ग्राहकाच्या मनातील संशयाला आणखी एक कारण आहे. साध्या सिमेंटच्या पोत्यावर ४३ किंवा ५३ असा ताकदीचा आकडा असतो. पोझोलाना सिमेंटसाठी आयएस १४८९ या मानकात अठ्ठावीस दिवसांची किमान ताकद ३३ मेगापास्कल इतकीच धरली आहे. आकडा लहान म्हणून माल हलका, असा निष्कर्ष दुकानात सहज निघतो. प्रत्यक्षात बाजारातील पोझोलाना सिमेंट या किमान मर्यादेच्या बरेच वर असते आणि पोत्यावरचा कोणताही आकडा टिकाऊपणाविषयी काहीच सांगत नाही. सरकारी यंत्रणांनाही हा संशय सोडण्यास वेळ लागला. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने सळईयुक्त काँक्रीटमध्ये राखेच्या वापरास अटींसह मोकळीक दिली ती २००४ मध्ये, म्हणजे रिहंद धरणानंतर चार दशकांहून अधिक काळाने.

सहस्र वर्षांचा पाया

राखेचे प्रमाण निम्म्याहून अधिक ठेवून उत्तम काँक्रीट करता येते, हे १९८० च्या दशकात कॅनडातील कॅनमेट या शासकीय संस्थेत व्ही. मोहन मल्होत्रा यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या संशोधनाने दाखविले. पाणी अत्यंत कमी ठेवायचे आणि प्रवाहीपणासाठी सुपरप्लास्टिसायझरचा आधार घ्यायचा, हे त्याचे सूत्र. बर्कले येथील प्राध्यापक पी. कुमार मेहता यांनी या काँक्रीटचा प्रसार केला. मल्होत्रा व मेहता हे दोघेही मूळचे भारतीय.

हवाई बेटसमूहातील काउआई येथे इरैवन मंदिर उभारायचे ठरले तेव्हा हजार वर्षे टिकेल असा पाया मागण्यात आला. मंदिराचे ग्रॅनाइटचे दगड बंगळूरजवळ पाथरवटांनी हाताने घडवून जहाजाने पाठविले. पायासाठी मेहता यांनी सळई पूर्णपणे वगळली, कारण एवढ्या काळात सळई गंजणार हे निश्चित. सुमारे ३६ मीटर लांब, १७ मीटर रुंद व सव्वा मीटरच्या आसपास जाडीचा हा सलग पाया १९९९ मध्ये ओतण्यात आला. त्यातील सिमेंटी पदार्थांत ५७ टक्के उडती राख होती. सिमेंट कमी असल्याने उष्णता कमी निर्माण झाली आणि सांधा न ठेवताही पायाला तडे गेले नाहीत. मंदिराचा कुंभाभिषेक २०२३ मध्ये झाला. पायाला आता पाव शतक लोटले आहे. हजार वर्षांचा हिशेब अर्थातच पुढच्यांनी करायचा आहे.

राखेचा पुरवठा

राखेचा वापर वाढला त्याला टिकाऊपणाहून पर्यावरणाची निकड अधिक कारणीभूत झाली. १९९६-९७ मध्ये देशातील औष्णिक केंद्रांतून सुमारे ६ कोटी ८९ लाख टन राख निघाली आणि तिच्यातील दहा टक्केही उपयोगात आली नाही. उरलेली तलावांत साचत गेली. केंद्र सरकारने १९९४ मध्ये फ्लाय अ‍ॅश मिशन सुरू केले. पर्यावरण मंत्रालयाने १४ सप्टेंबर १९९९ रोजी अधिसूचना काढून वीज केंद्राच्या ५० किलोमीटर परिसरातील बांधकामांना राखेच्या वापराचे बंधन घातले. पुढे ही मर्यादा १०० व नंतर ३०० किलोमीटरपर्यंत वाढली. २०२१-२२ मध्ये सुमारे २७ कोटी टन राख निघाली आणि जवळजवळ ९६ टक्के राखेचा विनियोग झाल्याची नोंद आहे. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने शंभर टक्के विनियोग बंधनकारक केला असून न वापरलेल्या राखेसाठी टनामागे एक हजार रुपयांची भरपाई ठेवली आहे. विनियोगाच्या या आकड्यात खाणी बुजविणे, सखल जमिनी भरणे हेही येते. सिमेंट उद्योगाकडे एकंदर राखेचा साधारण चौथा हिस्सा जातो. टिकाऊपणाच्या दृष्टीने विचार केला तर हाच हिस्सा खऱ्या अर्थाने कारणी लागतो, कारण एक टन क्लिंकर भाजताना पाऊण टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि राखेने तेवढ्या क्लिंकरची बचत होते.

कोळशाची वीज जेथे बंद झाली तेथे चित्र उलटले आहे. ब्रिटनमधील शेवटचे कोळशाचे वीज केंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद पडले आणि काँक्रीटसाठी राख आयात करणे किंवा जुने साठे उकरून, वाळवून, वर्गवारी करून वापरणे हे मार्ग उरले. भारतात ही वेळ लगेच येणार नाही. तरीही पर्यायाची तयारी झाली आहे. चुनखडीची भुकटी व भाजलेली चिकणमाती मिसळून क्लिंकर निम्म्यावर आणणाऱ्या सिमेंटवर दिल्ली व मद्रास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थांनी स्वित्झर्लंडमधील संशोधकांसमवेत काम केले आणि भारतीय मानक ब्यूरोने २०२३ मध्ये त्यासाठी आयएस १८१८९ हे मानक प्रसिद्ध केले. त्यातील चिकणमाती सातशे ते साडेआठशे अंश सेल्सिअसला भाजावी लागते. घाणीत चुन्याबरोबर मळली जाणारी सुरखीही भाजलेली मातीच होती.